आकडे पोचतात, जोडणी पोचत नाही : दोन प्रकारच्या संगणकांवर एकच हिशेब

लहान दुकानातही आता एकाहून अधिक संगणक दिसतात. गल्ल्याजवळ विंडोजचा संगणक असतो व त्यावर टॅली चालते. घरातील शिकलेला मुलगा किंवा मुलगी मालाचे फोटो आणि कॅटलॉग तयार करण्यासाठी ॲपलचा मॅक वापरते. गोदामात एखादे जुने यंत्र असते. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून अशा जुन्या यंत्रावर लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवावी काय, हा प्रश्नही अनेकांपुढे आहे. यंत्रे तीन, कार्यप्रणाली तीन आणि तिन्हींमधून फिरणारी एक्सेलची फाइल मात्र एक, अशी ही स्थिती आहे.

या फिरण्यात एक धोका आहे व तो सहज लक्षात येत नाही. फाइल उघडलीच नाही तर माणूस सावध होतो, कोणाला तरी विचारतो. पण फाइल नीट उघडली, रकाने जागच्या जागी दिसले, बेरजा जुळल्या आणि आकडे मात्र परवाचे निघाले, तर त्यावर विसंबून माल कबूल केला जातो, भाव सांगितला जातो, उधारीचा तगादा चुकीच्या माणसाकडे जातो. असे का होते आणि ते टाळण्यासाठी दुकानात कोणती घडी बसवावी, हे या लेखात पाहू.

उतारा आणि उतारा आणणारा माणूस

एक्सेलची फाइल दोन प्रकारची असू शकते. पहिल्या प्रकारात सर्व आकडे हाताने भरलेले असतात. अशी फाइल कोठेही न्या, तिच्यात फारसा फरक पडत नाही. दुसऱ्या प्रकारात आकडे दुसरीकडून आणलेले असतात. टॅलीतून, दुकानाच्या बिलिंग प्रोग्रॅममधून, ॲक्सेसच्या जुन्या फाइलीतून, सर्व्हरवरील डेटाबेसमधून किंवा दुसऱ्याच एक्सेल फाइलीतून. हे आकडे कोठून, कोणत्या वाटेने आणि कोणत्या नावाने आणायचे याची सूचना फाइलीत लिहिलेली असते. या सूचनेलाच डेटा कनेक्शन, म्हणजे जोडणी म्हणतात. 'डेटा' या टॅबमधील 'रिफ्रेश ऑल' हे बटण दाबले की एक्सेल त्या सूचनेप्रमाणे जाऊन ताजे आकडे घेऊन येते.

आपल्या जुन्या पद्धतीत सांगायचे तर फाइलीत दिसणारे आकडे हा खतावणीचा उतारा होय, आणि जोडणी हा खतावणीपर्यंत जाऊन नवा उतारा करून आणणारा माणूस. फाइल पेनड्राइव्हवर घालून किंवा ईमेलने दुसऱ्या संगणकावर पाठवली की उतारा पोचतो. सूचनेचा कागदही पोचतो. पण त्या कागदाप्रमाणे जाऊन येणारा माणूस पहिल्याच संगणकावर राहतो. दुसऱ्या संगणकावर तसाच माणूस नेमलेला असेल तरच तेथे ताजे आकडे मिळतील. नसेल तर शेवटचा उतारा दिसत राहील. सारी भानगड एवढ्यातच आहे.

एकच नाव, आतली घडण वेगळी

एक्सेल हा प्रोग्रॅम १९८५ मध्ये प्रथम ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी बाजारात आला. विंडोजसाठी तो १९८७ मध्ये आला. तेव्हापासून दोन्हींचा चेहरा सारखा ठेवण्याचा प्रयत्न झाला आहे. बेरीज, टक्केवारी, गाळणी, तक्ते या गोष्टी दोन्हीकडे सारख्याच चालतात. मात्र बाहेरून आकडे आणण्याचे काम एक्सेल एकट्याने करीत नाही. ते कार्यप्रणालीची मदत घेते, आणि विंडोज व मॅक यांची घडण या बाबतीत अगदी निराळी आहे.

बाहेरच्या डेटाबेसशी बोलण्यासाठी ओडीबीसी नावाची एक सामाईक पद्धत मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये पुढे आणली. या पद्धतीत प्रत्येक डेटाबेससाठी एक ड्रायव्हर लागतो. ड्रायव्हर म्हणजे दुभाष्या. एक्सेलचे म्हणणे डेटाबेसला आणि डेटाबेसचे उत्तर एक्सेलला तो समजावतो. विंडोजसाठी बनवलेला दुभाष्या मॅकवर चालत नाही, मॅकचा विंडोजवर चालत नाही. याखेरीज ओएलई डीबी नावाची दुसरी पद्धत आहे. जुन्या बिलिंग प्रोग्रॅममधून एक्सेलमध्ये आकडे आणण्यासाठी ती पुष्कळ ठिकाणी वापरलेली दिसते. ती विंडोजच्याच आतल्या यंत्रणेवर उभी असल्याने मॅकच्या एक्सेलमध्ये तिला जागा नाही. मायक्रोसॉफ्टचा ॲक्सेस हा प्रोग्रॅमही मॅकसाठी मिळत नाही. म्हणून ॲक्सेसच्या फाइलीला जोडलेले एक्सेलचे पान विंडोजवर झटकन ताजे होते आणि मॅकवर हटून बसते.

जोडणी कोठे कोठे तुटते

पहिली जागा दुभाष्याची. टॅली विंडोजसाठी बनवलेली आहे आणि तिचा ओडीबीसी दुभाष्याही विंडोजवरच बसतो. त्यातही टॅली चालू असावी लागते व तीत संबंधित फर्मची कंपनी उघडलेली असावी लागते, तेव्हाच एक्सेल तिच्यातून खातेवार शिल्लक उचलू शकते. मॅकवर ही जोडणी तशीच्या तशी चालेल अशी अपेक्षा धरू नये. सर्व्हरवरच्या डेटाबेसची गोष्ट थोडी बरी आहे. मॅकसाठीच्या एक्सेल २०१६ पासून मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरशी बोलण्याची सोय आत दिलेली आहे. इतर डेटाबेससाठी मॅकचा ड्रायव्हर वेगळा घ्यावा लागतो व तो पुष्कळदा विकत असतो.

दुसरी जागा ३२ आणि ६४ बिटांची. हा घोटाळा दोन विंडोज संगणकांमध्येही होतो. ऑफिस ३२ बिटांचे असेल तर ड्रायव्हरही ३२ बिटांचा लागतो, ऑफिस ६४ बिटांचे असेल तर ड्रायव्हर ६४ बिटांचा. ऑफिस २०१९ पासून ते बसवताना आपोआप ६४ बिटांचे बसते. त्यामुळे जुन्या संगणकावर अनेक वर्षे चाललेली जोडणी नव्या संगणकावर पहिल्याच दिवशी बंद पडते आणि दोष फाइलीला दिला जातो. विंडोजमध्ये ओडीबीसीची मांडणी करण्याच्या खिडक्याही दोन असतात, एक ३२ बिटांची व एक ६४ बिटांची. एका खिडकीत केलेली नोंद दुसऱ्या बिटांच्या एक्सेलला उपयोगी पडेलच असे नाही. आपले ऑफिस कोणते हे एक्सेलमध्ये 'फाइल', 'अकाउंट', 'अबाउट एक्सेल' येथे लिहिलेले असते. तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी एवढे पाहून ठेवले तरी त्याचा व आपला वेळ वाचतो.

तिसरी जागा पत्त्याची. विंडोजमध्ये फाइलीचा पत्ता सी, डी अशा ड्राइव्हच्या अक्षरापासून सुरू होतो आणि मध्ये उलटी तिरकी रेघ येते. मॅक व लिनक्समध्ये ड्राइव्हचे अक्षरच नसते आणि रेघ सुलटी तिरकी असते. 'सी:\दुकान\साठा' असा पत्ता सूचनेत लिहिलेला असेल तर मॅकवर त्या पत्त्याचे घरच सापडत नाही. एका विंडोज संगणकावर नेटवर्कच्या फोल्डरला झेड अक्षर दिलेले असेल व दुसऱ्यावर वाय, तर विंडोज ते विंडोजही तीच अडचण येते.

चौथी जागा परवानगीची. ऑफिस २०१६ पासून मॅकवरील एक्सेलला एका कुंपणात ठेवलेले आहे. दुसऱ्या फाइलीला हात लावण्यापूर्वी ते वापरणाऱ्याची परवानगी मागते. समोर आलेली खिडकी न वाचता बंद केली तर जोडलेली फाइल उघडत नाही आणि आकडे जुनेच राहतात.

पाचवी जागा पॉवर क्वेरीची. अनेक ठिकाणांहून आकडे गोळा करून, साफ करून एका तक्त्यात आणण्याची ही सोय विंडोजवरील एक्सेल २०१६ मध्ये 'गेट अँड ट्रान्सफॉर्म' या नावाने आत आली. मॅकवर ती त्यानंतर टप्प्याटप्प्याने आली. ज्या ठिकाणांहून आकडे आणता येतात त्यांची मॅकवरील यादी विंडोजच्या यादीपेक्षा लहान आहे. विंडोजवर बांधलेली क्वेरी मॅकवर दिसते, तिचे नावही दिसते, पण तिचा उगम मॅकच्या यादीत नसेल तर ती ताजी होत नाही.

सहावी जागा मॅक्रो आणि बटणांची. पुष्कळ दुकानांत कोणीतरी एक्सेलमध्ये बटण बसवून दिलेले असते. ते दाबले की बिलाचे आकडे येतात. व्हीबीए भाषेतील साधे मॅक्रो मॅकवर चालतात. पण त्या मॅक्रोने विंडोजची आतली यंत्रणा बोलावली असेल किंवा बटण ॲक्टिव्हएक्स प्रकारचे असेल, तर मॅकवर ते निर्जीव असते.

लिनक्सवर मायक्रोसॉफ्टचे एक्सेल बसत नाही, म्हणून तेथे बहुधा लिब्रेऑफिस वापरतात. ते मोफत आहे, विंडोज आणि मॅकवरही चालते, साध्या हिशेबाला उत्तम आहे व एक्सेलच्या फाइली उघडते. पण एक्सेलमध्ये बांधलेली पॉवर क्वेरी त्यात चालेल असे समजू नये. शेवटचे आकडे तेवढे दिसतील. फोनवरील एक्सेलबाबतही हेच धोरण ठेवावे. फोन आकडे पाहण्यासाठी, ताजे करण्यासाठी नव्हे.

एक हिशेब करून पाहू

समजा, भिवंडीत यंत्रमागाच्या कापडाचा एक व्यापारी आहे. त्याच्या पेढीवरील विंडोज संगणकात साठ्याची फाइल बिलिंग प्रोग्रॅमला जोडलेली आहे. शनिवारी संध्याकाळी त्याने फाइल ताजी केली तेव्हा एका जातीचे १२० ताके शिल्लक होते. ती फाइल त्याने मुंबईतील भावाला पाठवली. भावाकडे मॅक आहे. सोमवारी सकाळी पेढीवरून ८० ताके गेले, राहिले ४०. दुपारी भावाकडे मालेगावची पार्टी आली. भावाने फाइल उघडली, 'रिफ्रेश ऑल' दाबले, इंग्रजीत एक सूचना आली, ती त्याने बंद केली. पानावर १२० हा आकडा तसाच होता. त्याने १०० ताके कबूल केले व बयाणा घेतला.

आता ६० ताके कमी पडतात. ते बाजारातून चढ्या भावाने उचलावे लागतील किंवा बयाणा परत करून शब्द मोडावा लागेल. बिलिंग प्रोग्रॅम बरोबर होता, एक्सेलची बेरीज बरोबर होती, दोन्ही भाऊ प्रामाणिक होते. आकडा कोणत्या वेळेचा आहे हे मात्र पानावर लिहिलेले नव्हते. असाच प्रकार येण्याच्या यादीत झाला तर शुक्रवारी पैसे देऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला सोमवारी तगाद्याचा फोन जातो, आणि वर्षांचे संबंध बिघडतात. जे व्यापारी वर्षाच्या ठरलेल्या तारखेला मालाची किंमत धरून जकातीचा हिशेब करतात त्यांनाही त्या तारखेचाच साठा हवा असतो, दोन आठवड्यांपूर्वीचा चालत नाही.

न बोलणाऱ्या चुका

जोडणी तुटली तर निदान एखादी सूचना येते. पुढील चुका काहीच सूचना देत नाहीत, म्हणून त्या अधिक जपून पाहाव्यात.

तारखेची चूक. एक्सेल तारीख ही दिवसांची संख्या म्हणून साठवते. विंडोजवर ही मोजणी १९०० सालापासून होते. मॅकवर २००८ च्या आवृत्तीपर्यंत ती मुळातच १९०४ सालापासून होत असे. २०११ च्या आवृत्तीपासून मॅकवरही १९०० चीच पद्धत आली, पण जुन्या फाइलींमध्ये १९०४ ची मोजणी अजून असू शकते. दोन्ही मोजण्यांत १४६२ दिवसांचा, म्हणजे चार वर्षे व एक दिवसाचा फरक पडतो. पूर्ण फाइल उघडली तर तारीख बरोबर दिसते, कारण कोणती मोजणी धरायची हे फाइलीत नोंदलेले असते. चूक होते ती एका फाइलीतील तारखा उचलून दुसरीत चिकटवताना किंवा दोन फाइली एकमेकींना जोडताना. १९०४ च्या फाइलीतील १० मार्च २०२५ ही तारीख १९०० च्या फाइलीत ९ मार्च २०२१ होऊन बसू शकते. उधारी किती दिवसांची झाली हे काढणाऱ्या पानावर याचा अर्थ काय होईल ते सांगायला नको. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या २००६ च्या कायद्यात लहान पुरवठादाराचे पैसे देण्यासाठी जास्तीत जास्त ४५ दिवसांची मुदत धरलेली आहे. अशी मुदत मोजणारे पान तारखेच्या बाबतीत निर्दोषच हवे.

दिवस आणि महिन्याची अदलाबदल. '०३/०४/२०२५' ही आपल्याकडे ३ एप्रिल. संगणकाची मांडणी अमेरिकन पद्धतीची असेल तर तीच ४ मार्च होते. '२५/०४/२०२५' मात्र अमेरिकन पद्धतीत बसतच नाही, कारण पंचविसावा महिना नाही, म्हणून ती नुसती अक्षरे म्हणून राहते. परिणाम असा की महिन्यातल्या पहिल्या बारा दिवसांच्या तारखा बदलतात आणि उरलेल्या तारखा हिशेबातच येत नाहीत. दुसऱ्या संगणकाला पाठवायच्या फाइलीत तारीख '२०२५-०४-०३' अशी, म्हणजे आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, या क्रमाने लिहिणे अधिक सुरक्षित असते.

हरवलेले शून्य. जीएसटीच्या वर्गवारीत काजूचा एचएसएन क्रमांक ०८०१ पासून आणि खजुराचा ०८०४ पासून सुरू होतो. सीएसव्ही प्रकारची साधी फाइल एक्सेलने थेट उघडली की ते ही संख्या समजते व पुढचे शून्य गाळते. ०८०४ चे ८०४ होते. सुक्यामेव्याच्या, मसाल्याच्या व आंब्याच्या व्यापाऱ्यांना ही अडचण हमखास येते.

पंधरा आकड्यांची मर्यादा. एक्सेल कोणतीही संख्या पंधरा आकड्यांपर्यंतच अचूक धरते. सोळा आकडी बँक खाते क्रमांक संख्या म्हणून आत आला तर शेवटचा आकडा शून्य होतो. १२३४५६७८९०१२३४५६ चे १२३४५६७८९०१२३४५० होते आणि मूळ आकडा परत मिळत नाही. ज्या क्रमांकांची बेरीज करायची नसते, असे खाते क्रमांक, एचएसएन, बारकोड, मोबाइल, हे सर्व रकाने 'टेक्स्ट' म्हणून आत घ्यावेत. त्यासाठी सीएसव्ही फाइलीवर दोनदा क्लिक न करता 'डेटा' टॅबमधील 'फ्रॉम टेक्स्ट' या वाटेने ती आत आणावी व रकान्याचा प्रकार आधीच ठरवावा.

लिपीची चूक. गिऱ्हाइकांची नावे मराठीत किंवा उर्दूत असतील तर सीएसव्ही फाइल देताना 'सीएसव्ही यूटीएफ-८' हा प्रकार निवडावा. विंडोजवर नुसता 'सीएसव्ही' प्रकार निवडला तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हे येतात व ती नावे त्या फाइलीतून कायमची जातात. यूटीएफ-८ ची फाइलही काही वेळा विंडोजच्या एक्सेलमध्ये थेट उघडल्यावर चित्रविचित्र अक्षरे दाखवते. तेव्हा नावे मेलेली नसतात. ती फाइल बंद करावी, जतन करू नये, आणि 'फ्रॉम टेक्स्ट' वाटेने यूटीएफ-८ निवडून पुन्हा आत घ्यावी. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये भरलेली यादी मात्र दुसऱ्या संगणकावर तो फाँट नसेल तर वाचताच येत नाही. अशा याद्या सवड काढून युनिकोडमध्ये बदलून घ्याव्यात.

दुकानात घडी कशी बसवावी

यावर महागडा उपाय लागत नाही. थोडी शिस्त लागते. ती पुढीलप्रमाणे.

१. आकडे ताजे करण्याचे काम एकाच संगणकाकडे द्यावे. जेथे टॅली किंवा बिलिंग प्रोग्रॅम चालतो तोच संगणक यासाठी योग्य. बाकीचे संगणक वाचणारे. ज्याप्रमाणे एका फर्मची खतावणी दोन ठिकाणी लिहीत नाहीत, तसेच हे आहे.

२. प्रत्येक पानाच्या वर 'आकडे केव्हापर्यंतचे' असा एक रकाना ठेवावा. येथे एक काळजी घ्यावी. पुष्कळजण या जागी 'नाऊ' किंवा 'टुडे' हे सूत्र घालतात. ते सूत्र फाइल उघडली की उघडल्याच दिवसाची तारीख दाखवते. म्हणजे आकडे शनिवारचे आणि तारीख सोमवारची, अशी उलटी फसगत होते. तारीख व वेळ हाताने लिहावी, किंवा पॉवर क्वेरी वापरत असाल तर वेळ आणण्याचे कामही त्याच क्वेरीकडे द्यावे, म्हणजे आकडे ताजे होतील तेव्हाच वेळ बदलेल.

३. दुसऱ्याला जोडणीसह फाइल पाठवू नये. नुसते आकडे पाठवावेत. त्यासाठी मजकूर उचलून नव्या फाइलीत 'पेस्ट व्हॅल्यूज' करावे. यात आणखी एक फायदा आहे. जोडणीच्या सूचनेत काही वेळा सर्व्हरचे नाव आणि पासवर्डही लिहिलेला असतो. पार्टीला भावपत्रक पाठवताना तोही सोबत जाणे बरे नव्हे. 'क्वेरीज अँड कनेक्शन्स' ही यादी उघडून पाठवायच्या फाइलीत ती रिकामी आहे याची खात्री करावी.

४. पाठवलेली फाइल मिळाल्यावर तीन गोष्टी फोनवर ताडून पाहाव्यात : एकूण ओळी किती, रकमेची बेरीज किती, शेवटच्या बिलाचा क्रमांक कोणता. तिन्ही जुळल्या तर फाइल वापरावी. याला दोन मिनिटे लागतात.

५. 'रिफ्रेश' केल्यावर काही सूचना आली तर ती बंद करण्यापूर्वी तिचा फोटो काढावा, आणि त्या पानावरून त्या दिवशी कोणताही सौदा करू नये. दुकानातील प्रत्येकाला, पगारी माणसालाही, हा नियम सांगून ठेवावा.

६. दोन्हीकडे ताजे आकडे हवेतच असतील तर मॅकवरून विंडोज संगणकच दुरून चालवावा. मायक्रोसॉफ्टचे त्यासाठी मॅकवर चालणारे ॲप आहे. मात्र त्याने ज्या विंडोजला जोडायचे ते प्रो आवृत्तीचे असावे लागते. होम आवृत्ती अशा रीतीने दुरून उघडता येत नाही. या पद्धतीत फाइल हलतच नाही, म्हणून जोडणीही तुटत नाही. पासवर्ड मजबूत ठेवावा आणि इंटरनेटवरून थेट उघडी वाट ठेवू नये. ही मांडणी जाणकाराकडून करून घ्यावी.

नवे यंत्र घेण्यापूर्वी

मॅक किंवा जुन्या यंत्रावर लिनक्स घेण्याचा विचार असेल तर आधी एक कागद घेऊन आपल्या फाइली कोठून आकडे आणतात ते लिहून काढावे. टॅली, ॲक्सेस, बिलिंग प्रोग्रॅम, दुसऱ्या एक्सेल फाइली, जे असेल ते. प्रत्येकासमोर 'विंडोजशिवाय चालते का' याचे उत्तर विक्रेत्याकडून लेखी घ्यावे. जीएसटी विवरणपत्र तयार करण्याचे ऑफलाइन टूलही विंडोजसाठी बनवलेले आहे, तेही यादीत धरावे. दरमहा जीएसटीआर-१ भरणाऱ्यांची मुदत पुढील महिन्याच्या ११ तारखेची असते. दहाव्या रात्री हे कळून उपयोग नाही.

मॅकवरच विंडोज बसवू, असा सल्ला काही विक्रेते देतात. इंटेलच्या चिपवर चालणाऱ्या जुन्या मॅकमध्ये बूट कॅम्पच्या मदतीने ते करता येत असे. २०२० च्या अखेरीपासून ॲपलच्या स्वतःच्या चिपचे मॅक आले, त्यांत बूट कॅम्प नाही. तेथे वेगळा प्रोग्रॅम वापरून विंडोजची निराळी आवृत्ती चालवावी लागते आणि आपला जुना ड्रायव्हर तीत चालेल की नाही हे आधी करून पाहावे लागते. जुना मॅक घेताना त्यात कोणती चिप आहे हे म्हणूनच विचारावे.

मॅक किंवा लिनक्स यंत्र वाईट आहे असा याचा अर्थ नाही. चित्रे, कॅटलॉग, पत्रव्यवहार, साधा हिशेब यांसाठी ती उत्तम आहेत. कोणते काम कोणत्या यंत्राकडे द्यायचे एवढे ठरले की घोटाळा राहत नाही. सुरुवात करण्यासाठी आजच एक गोष्ट करता येईल. आपल्या साठ्याच्या व उधारीच्या फाइलीच्या माथ्यावर 'आकडे केव्हापर्यंतचे' हा रकाना घाला, आणि तो वाचल्याशिवाय कोणालाही माल कबूल करायचा नाही असे पेढीवर सांगून ठेवा.